कंट्रोलची गाडी

"आई, कंट्रोलची गाडी आणली!" वसंत फाटकातूनच ओरडला. सायकल स्टँडवर लावायचंही त्याला भान नव्हतं. भिंतीला टेकवलेली सायकल मागे धाडकन पडली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही. हातातलं खोकं त्यानं असं उराशी धरलं होतं, जसं लग्नाच्या वरातीत बायकोलाही धरलं नव्हतं.

तुळसाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. तांदूळ माहेरचा, भंडाऱ्याकडचा चिनोर. त्यात निवडण्यासारखं काही नसे. पण शेजारच्या जिजाबाईंना भिंतीवरून दिसावा म्हणून त्या तो रोज अंगणातच निवडत.

"कायची गाडी?"

"कंट्रोलची!"

आता नागपुरात कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर, कंट्रोलचं पामतेल. या ले-आउटात, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, राहायला आल्यापासून तुळसाबाईंनी जिजाबाईंना एकच गोष्ट ऐकवली होती, की आमच्या घरी कंट्रोलचं चालत नाही. राकेल तेवढं सून जाऊन आणी. पण राकेल काही कोणी खात नाही. वस्तीतली त्यांची सगळी इज्जत या एका वाक्यावर उभी होती. आणि पोटचा गोळा दिवाळीच्या तोंडावर भर अंगणात बोंबलत होता.

"हळू बोल, मेल्या. त्या बाईचे कान भिंतीलेच चिकटले असते. कंट्रोलवर गाड्या कधीपासून भेटून राहिल्या?"

"तसं नाही वं आई. रेडिओ कंट्रोल."

"म्हणजे रेडिओबी तिथलाच? किती घाण आवाज येत असन त्याचा!"

स्वयंपाकघराच्या दारात सुहासिनीला, म्हणजे वसंतच्या बायकोला, हसू फुटलं. सासूनं मान वळवताच तिनं ते पदरात कोंबलं.

वसंतनं खोकं उघडलं. आत हातभर लांबीची लाल मोटार होती. लांब नाक, वर टप नाही, तारांची चाकं, पाठीवर जास्तीचं एक चाक बांधलेलं.

"नवी म्हणते अन् दिसते तं पन्नास वर्षं जुनी," तुळसाबाई म्हणाल्या. "गोदामात पडलेला माल खपवला तुले."

"मुद्दाम जुन्या चालीची बनवली आहे. जपानची आहे, जपानची!"

हकीकत अशी, की हिंगण्याच्या कारखान्यातले वसंतचे साहेब वामनराव यांचा मेहुणा जहाजावर होता. त्यानं अशा दोन गाड्या आणल्या. साहेबांना शर्यतीची भारी हौस. पण एकट्यानं शर्यत लावून पहिला नंबर आला तरी कोणाला सांगायचं? म्हणून एक गाडी त्यांनी वसंतच्या गळ्यात बांधली. दोघं मिळून क्लब काढणार होते. क्लबाचे सभासद सध्या तेच दोघं.

"दोरी नाही, चाबी नाही, मग पयते कशी?"

"ह्या डब्बीवरून रेडिओ जाते," असं म्हणून वसंतनं डबीची दांडी सारली आणि जपानची मोटार सुपात घुसली. सूप उडालं, चिनोर अंगणभर झाला, गाडी पितळी बादलीवर आपटून उताणी पडली आणि चाकं गरगरत राहिली.

"थांबव, मुडद्या!"

"थांबवूनच राहिलो! शिकून राहिलो मी अजून. उद्या सकाळी शर्यत आहे साहेबांसोबत. रुपरावच्या दुकानापुढी. सिमेंटचा रस्ता तेवढाच आहे आपल्या इथं."

रुपरावचं दुकान म्हणजेच कंट्रोल. कंट्रोलची गाडी, कंट्रोलच्या दारात, तीही इतवारच्या दिवशी, सगळी वस्ती घरी मोकळी असताना! तुळसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज त्यांच्याही हाताबाहेर गेला.

"ऐकून घे! उद्या सकाळी कंट्रोलची गाडी रुपरावच्या दुकानापुढी येणार नाही!"

त्यांच्या तोंडून 'नाही' सुटायला आणि भिंतीपलीकडे जिजाबाईंच्या कुकरनं शिट्टी मारायला एकच गाठ पडली. जिजाबाईंच्या कानात वाक्य गेलं ते 'नाही' सोडून. कंट्रोलची गाडी येणार, म्हणजे साखरेचा ट्रक येणार. महिनाभर रुपरावच्या दारावर 'साखर संपली' अशी पाटी लटकत होती. जिजाबाईंनी कुकर उतरवला नाही की पदर सारखा केला नाही. त्या निघाल्या, आणि दिवेलागणीपर्यंत ले-आउटात ही बातमी माहीत नसलेला प्राणी म्हणजे एकटा रुपराव उरला.

सकाळी आई उठायच्या आत वसंत चोरपावलांनी बाहेर पडला. शेजारच्या अर्धवट बांधकामावरून विटा उचलून त्यानं सिमेंटच्या रस्त्यावर शर्यतीची वाट आखली. दुकानाच्या दारापासून सुरुवात, खांबाला वळसा, पुन्हा परत. मग सेल भरायला तो घरी गेला.

तेवढ्यात थैली घेऊन जिजाबाई पोचल्या. कंट्रोलच्या लाइनीत ज्याला उभं राहायला वेळ नसतो तो वीट नाहीतर दगड ठेवून जातो. ती वीट म्हणजे माणूसच. तिला कोणी हलवत नाही. रस्त्यावर दोन डझन विटा पाहून जिजाबाई मटकन खाली बसल्या.

"मायबाई! आपल्याआधी एवढे नंबर?"

त्यांनी शेवटच्या विटेमागे आपला डबा ठेवला. त्यांच्यामागे कोणी दगड ठेवला, कोणी फुटकी कुंडी, एकानं तर झोपलेलं लेकरू ठेवलं. माणसं विटांच्या मागे उभी राहिली, आणि विटा जशा वळल्या तशी लाइन खांबाला वळसा घालून वळली.

"लाइन अशी वाकडी काहून गा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"सरकारी आहे ना बाप्पा. सरळ कशी राहीन?"

वसंत गाडी घेऊन परत आला तो गर्दीतच अडकला. त्याच्यामागोमाग त्याचा कान धरून घरी न्यायला तुळसाबाई आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. सगळी वस्ती हजर, आणि सगळ्यांच्या हातात थैल्या.

"या, तुळसाबाई," जिजाबाईंच्या तोंडून साखरेआधी पाकच गळाला. "तुमचा नंबर कोणता?"

"मले कायले लागते नंबर? मी पोराले न्यायले आली."

"त्याचेच तं आहेत पुढचे सगळे नंबर! दूधवाल्यानं पाहिलं न विटा लावताना. दोन डझन! कितीक कार्डं आहे वं तुमच्या घरी?"

तुळसाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्यात फटफट करत स्कूटर आली. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर हिरवी मोटार, असे वामनराव उतरले.

"गाडी आली!" कोणीतरी ओरडलं.

"कुठी आहे?"

"हे काय," वसंतनं बिचाऱ्यानं लाल मोटार वर धरली.

मग मघाचा म्हातारा पुढे वाकून म्हणाला, "याच्यात साखर मावन कितीक?"

गलका ऐकून दुकानाच्या माडीवर बनियनमधला रुपराव प्रकटला. "कोणी सांगितलं बे गाडी येते म्हणून? साखर नाही! जा घरी!"

"तुळसाबाईनं सांगितलं! मी माह्या कानानं ऐकलं!" जिजाबाईंनी बोट दाखवलं, आणि सगळ्या थैल्या तुळसाबाईंकडे वळल्या. चोरून कंट्रोलचं खाणारी, त्यावर दोन डझन नंबर लावणारी आणि वरून लोकांना खोट्या बातम्या देणारी बाई! आयुष्यात पहिल्यांदा तुळसाबाईंच्या तोंडाला उत्तर सुचेना.

वामनरावांना मात्र यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, प्रेक्षक आले.

"वाह, वसंतराव! पहिल्याच दिवशी एवढी पब्लिक! चला, सुरू करू."

दोन्ही गाड्या रस्त्यावर ठेवल्या. वामनरावांनी दांडी सारली, आणि दोन्ही गाड्या एकदम सुटल्या. मेहुण्यानं एकाच दुकानातून, एकाच रेडिओ-नंबरच्या गाड्या उचलल्या होत्या. वसंतनं आपली आवरायला दांडी ओढली तर साहेबांची हिरवी गिरकी घेऊन म्हाताऱ्याच्या धोतरात शिरली. बायका थैल्या डोक्यावर धरून ओट्यावर चढल्या. लाल गाडीनं चार विटा उडवल्या आणि दुकानाच्या फळ्यांखालच्या फटीतून ती सुर्रकन आत गेली.

"आई," वसंतचा चेहरा रडवेला झाला, "गाडी गेली वं."

आणि तुळसाबाईंना तोंड परत मिळालं.

"रुपराव, दुकान उघड."

"उद्या उघडतो, बाई. आज इतवार."

"इतवार तुले असन, माह्या गाडीले नाही. जपानची आहे ते. उंदरानं कुरतडली तं तू जाशीन का आणायले?"

"आत अंधार आहे, बाई."

"मग आम्ही काय तिथं पोथी वाचणार आहो? उघड."

"आत्ता नाही उघडता येत."

"काहून गा? बाळंतीण झोपली आहे काय आत?"

लाइन फस्सकन हसली. हसता हसता पुढे सरकली. म्हाताऱ्यानं धोतर सावरून पहिल्या फळीला हात घातला, तसा रुपराव बनियनवरच जिना उतरून आला.

फळ्या निघाल्या. लाल गाडी आत एका पोत्यात नाक खुपसून घुरघुरत होती. पोतं फाटलं होतं आणि साखरेची धार तिच्या लांब नाकावर झरत होती. त्या पोत्यामागे पोतं, त्यामागे पोतं, थेट आढ्यापर्यंत.

"हे... हे कालच आलं," रुपराव म्हणाला. "वाटणारच होतो."

"माहीत आहे न," तुळसाबाई म्हणाल्या. "म्हणून तं गाडी पाठवली."

काटा निघाला. रुपरावनं हात जोडून पहिलं माप भरलं आणि तुळसाबाईंपुढे धरलं. विटांच्या हिशेबानं पहिला नंबर त्यांचाच होता. सगळी वस्ती पाहत होती. जिजाबाई तर खास ओट्यावरून उतरून जवळ आल्या.

"त्यायले कायले देऊन राहिला, रुपराव? त्यायच्या घरी कंट्रोलचं चालत नाही."

तुळसाबाईंनी एकदा मापातल्या साखरेकडे पाहिलं, एकदा जिजाबाईंकडे.

"चालत नाहीच, बाई. आत्ता पाहिलं न तुम्ही? पयते!"

मग त्यांनी गलका ऐकून आलेल्या सुहासिनीला घरी पिटाळलं. कार्ड आण, आणि थैली मोठी आण.

तेव्हापासून सिमेंटच्या रस्त्यावर विटा दिसल्या, की रुपराव आपण होऊन फळ्या काढतो. क्लबाला सगळं ले-आउट येतं, थैल्या घेऊन येतं आणि रांगेत उभं राहतं. एवढी शिस्तीची पब्लिक मुंबईच्या क्लबांनाही मिळत नसेल. मेहुण्यानं पुढच्या फेरीत वेगळ्या नंबरचा रेडिओही आणून दिला. वामनराव कारखान्यात रोज वसंतला विचारतात, "खरी शर्यत कधी?" वसंत घरी येऊन आईला विचारतो.

तुळसाबाई उठतात, स्वयंपाकघरात जातात, फळीवरचा डबा काढून हलवून पाहतात.

"थांब जरासा," त्या आतूनच सांगतात. "साखर संपू दे."