भोयर मास्तरांची नाडी

अन्याय झाला तो भोयर मास्तरांवर, आणि पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारची शाळा सुटायच्या आत.

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात हे मास्तर कुणाला रामराम करत नसत. सरळ मनगट धरत. लग्नात धरत, मयतीत धरत, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याचंही धरत. "थांब भाऊ, हलू नको. आतमंदी पूर चालला आहे." म्हाताऱ्या बाया त्यांना पाहताच पदरात हात लपवत.

"मास्तर, मले ताप नाई!"

"ताप कोन पाह्यते, बाई? मी धार पाहून राह्यलो!"

त्या दिवशी त्यांनी सातवीचा वर्ग तलावाच्या पाटावर नेला. पोरांनी पाटाला जाळ्यासारखे बारीक फाटे काढले. बैल रंगवून उरलेला गेरू मास्तरांनी पाण्यात ओतला. मी सभेची पत्रकं वाटायला निघालो होतो, तिथंच खिळलो. पाटातून सुसाट आलेलं लाल पाणी फाट्यांत शिरलं आणि एकदम सावकाश चालू लागलं.

"फाटे बारीक, मग पाणी जोरानं काऊन नाई पयत?" मी विचारलं.

"एकेक बारीक, भाऊ. साऱ्यायची रुंदी जोड! पाटाहून मोठी. म्हनून धार निवते. आंगातबी असंच. रक्त दौडतच गेलं, तर आंगातल्या मांसाले काई देईन काय? देयाचं असन तर थांबा लागते."

मी माझंच मनगट धरलं. हे सगळं माझ्या आत, मला न विचारता?

पण ते लाल पाणी उतरलं शाळा कमिटीच्या अध्यक्षांच्या धानाच्या बांधीत. माजी मालगुजार, गावचे जुने जमीनदार ते! तडक शाळेत आले. "मास्तरनं माह्या धानावर करणी केली!"

"नाई हो, रक्ताचा धडा होता," मास्तर म्हणाले.

"ऐकलं? रक्तच म्हनते!"

अध्यक्षांनी मास्तरांना तिथल्या तिथे घरी बसवलं.

संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो, तर ओसरीवर एकटेच, स्वतःचं मनगट धरून. "पोट्टे नाई आता. मंग आपलीच पाहून राह्यलो."

गावभर हात धरणाऱ्या या माणसाचा हात कुणी धरला होता कधी? मी धरला. ते हलले नाहीत. हळूच म्हणाले, "धार लागते ना हाताले, भाऊ?"

लागते, मास्तर.

सोमवारी शाळेच्या पटांगणात कमिटी मास्तरांना काढण्यावर शिक्कामोर्तब करणार आहे. हे पत्रक वाचणाऱ्या माणसा, तू ये. मास्तरांची नोकरी परत माग. पण आल्याबरोबर अध्यक्षांशी भांडायला धावू नको. आधी मास्तरांचं मनगट धर. आणि घाई करू नको.