आप्पांचा बोलका गुडघा

आमचे धुडकू आप्पा बाजारात जाताना डाव्या पायाने लंगडायचे आणि देवळात जाताना उजव्या. मी पडलो शाळामास्तर, चूक दिसली की टोकायची खोड. टोकलं तर म्हणाले, "मास्तर, दुखनं फिरतं ऱ्हास."

नाव बदललंय, बरं का. लिहायची परवानगी मात्र त्यांचीच, आणि गुडघाही.

तापीकाठच्या आमच्या गावात त्यांचं घर माझ्या भिंतीला लागून. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. आभाळ भरून आलं की ओट्यावरून हाक यायची, "मास्तर, गुडघा बोली ऱ्हायना!" पाऊस येवो न येवो, चहा व्हायचाच. रोज एक गोळी घ्यायचे. कशाची विचारलं की हात गुडघ्यावर. एकदा केळीवाल्या छगनभाईंकडच्या लग्नात बँड लागला आणि आप्पा भान विसरून नाचले. दुसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा भरपाई म्हणून दोन्ही पायांनी लंगडत होते.

अशा गुडघ्यावर गावाचा भारी जीव. कुणी किराणा दुकानातली दुखीची गोळी आणायचं, कुणी काठी गावाकडच्या डोंगरातली मुळी उगाळून द्यायचं. छगनभाई तर गोळी तळहातावर ठेवून समोर ठाण मांडत. "मन्हामोरे ले, आप्पा." आप्पा मुकाट गिळत. मग गप्पा रंगत. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

यंदा आप्पांचे पाय सुजले. "देखा, गुडघानी सूज खाले उतरनी," छगनभाईंनी निदान केलं आणि गोळ्या वाढवल्या. मी मात्र आप्पांना मोटारसायकलवर बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. आप्पांनी माझी बाही धरली. "ऱ्हाऊ द्या, ताई. मास्तर घरनाच शे."

तेव्हा कळलं, ती रोजची गोळी एचआयव्हीची होती.

"आप्पा, या आजारात किडनीला आधीच जपावं लागतं," बाई म्हणाल्या. "त्यात तुमचं वय, वाढलेलं बीपी. तुमच्या एचआयव्हीच्या गोळीचाही काहींच्या किडनीला त्रास होतो. ती मी बदलून देते, पण बंद अजिबात करायची नाही. दुखीच्या गोळ्या आणि मुळ्या मात्र आजपासून बंद, त्याही किडनी खातात. किडनी बरीच गेलीय, उरलेली वाचवायचीय. इतकं दुखतं तरी कुठे?"

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "कोठेच नही, ताई. मन्हा गुडघा एकदम बेस शे."

परतताना चहाला थांबलो तेव्हा मी भडकलोच. न दुखणाऱ्या गुडघ्यासाठी इतकी वर्षं गोळ्या? नाही म्हणायला काय झालं होतं?

"इतला जीव लाईसन गोळ्या लई येतस, नही कसं म्हनू?" आप्पा बशीत चहा ओतत राहिले. "आनि गुडघा देखाले लोके घर येतस, मास्तर. त्या आजारनं नाव सांगसू ते कोन येई?"

कुणी येणार नाही असं मला म्हणवेना, सगळे येतील असंही छातीठोक सांगवेना. आप्पांची किडनी साऱ्या गावाने मिळून मायेने घालवली, याचं मला अजून फार वाईट वाटतं.

संध्याकाळी छगनभाई गोळ्यांची पट्टी घेऊन हजर. मी आडवा आलो. म्हटलं, डॉक्टरांनी दुखीचं काहीही पोटात घ्यायला मनाई केलीय, वरून तेल लावलेलं चालेल. तेलाचं मी पदरचं घातलं.

छगनभाई घरी जाऊन तेल कोमट करून घेऊन आले. पाटावर बसले, बाह्या सरसावल्या.

"बोला आप्पा, कोनता दुखी ऱ्हायना?"

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही सुजलेले पाय हळूच पुढे केले.

"दोन्ही," ते म्हणाले.

दोन्ही म्हटल्यावर छगनभाई दुप्पट वेळ बसणार होते.