संपूर्ण संच, आजोबांसह

संस्कृती ही माणसाला जन्मतः मिळत नाही. ती आगाऊ सांगून ठेवावी लागते, आणि रविवारची हवी असेल तर पंधरा दिवस आधी. थोर विचारवंत याबाबत गप्प आहेत, याचं कारण त्यांच्या काळी टेम्पो नव्हते.

या गरजेची पहिली दखल घेण्याचा मान एका खुर्च्या-टेबलं भाड्याने देणाऱ्या दुकानदाराकडे जातो. सगळं जग त्यांना मालक म्हणे. (बायको ‘अहो’ म्हणे, पण मालक तीच होती.) खुर्च्या नेताना गिऱ्हाईक हळूच विचारतं, "जरा भारदस्त वाटेल असं काही आहे का?" हे त्यांच्या ध्यानात आलं. भारदस्त म्हणजे काय, असं विचारलं की गिऱ्हाईक इकडेतिकडे बघून म्हणायचं, "म्हणजे, घरात जरा संस्कृती दिसली पाहिजे." मालकांनी ही मागणी मनावर घेतली.

पहिली अडचण अर्थाची होती. गिऱ्हाइकांकडे रीतसर चौकशी केली असता संस्कृतीचे एकूण एकतीस अर्थ निष्पन्न झाले. एका बाईंच्या मते संस्कृती म्हणजे वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून न दिसणं. एका कारखान्याच्या व्यवस्थापकांच्या मते कामगारांचे हसतानाचे फोटो जिन्यात लावणं (आपले हसत नसल्यास दुसऱ्या कारखान्याचे चालतील). एका निवृत्त अधिकाऱ्यांना ती काचेच्या कपाटात हवी होती, कुलूप लावून. एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना ती दारातच हवी होती, पण ओल्या फडक्याने पुसता येईल अशी. शेजारचा न्हावी म्हणाला, "दुसऱ्याचं बोलणं मध्येच न तोडणं म्हणजे संस्कृती," पण त्यासाठी भाड्याने देण्यासारखं काहीच नसल्यामुळे तो अर्थ बाद करण्यात आला. उरलेल्या तिसांचा साकल्याने विचार करून मालक या निष्कर्षाला आले, की अर्थ कुठलाही धरा, टेम्पो एकच लागतो.

त्यातून ‘संपूर्ण संच’ जन्माला आला. त्याचे भाग चार: उभी संस्कृती, लटकती संस्कृती, आडवी संस्कृती आणि बसती संस्कृती. उभी म्हणजे पुस्तकांचं कपाट, पुस्तकांसकट. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांवर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या असत. (शेवटपर्यंत केल्या तर पाहुण्यांना संशय येतो.) लटकती म्हणजे एक भलंमोठं निळं चित्र. आडवी म्हणजे व्हायोलिन, टेबलावर सहज विसरल्यासारखं ठेवलेलं. त्याची एक तार दुकानातच तोडून दिली जाई, म्हणजे कुणी वाजवून दाखवायचा आग्रह करत नसे. आणि बसती संस्कृती म्हणजे आजोबा.

आजोबा हे निवृत्त स्टेशनमास्तर. पांढरीशुभ्र दाढी, खर्जातला आवाज, आणि डुलकी लागली तरी चिंतन चाललंय असं वाटावं असा चेहरा. घरात नुसती पुस्तकं असली तर लोक विचारतात, ही वाचतं कोण? खुर्चीत आजोबा असले की विचारत नाहीत.

प्रत्येक वस्तूबरोबर एक वाक्य मोफत मिळे. ही वाक्यं मालकांनी स्वतः रचली होती आणि त्यांचा त्यांना सार्थ अभिमान होता. पुस्तकांसाठी, ‘पुन्हा वाचायला घेतलंय.’ चित्रासाठी, ‘हे कळायचं नसतं, हळूहळू भिनतं.’ व्हायोलिनसाठी, ‘परवाच वाजवता वाजवता तार तुटली.’ आजोबांसाठी वाक्य नव्हतं. त्यांच्याकडे पाहून आपला आवाज खाली आणला की भागत असे.

संचाची मागणी फोनवरच घ्यायची आणि गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, हा दुकानाचा दंडक. टेम्पो घेऊन मालकांचा मेहुणा जाई आणि कुठे गेलो होतो ते परत येईपर्यंत विसरून जाई. (हे त्याला शिकवावं लागलं नाही.)

अशी सगळी भरभराट चाललेली असताना मालकांच्या एकुलत्या एका लेकीने लग्न ठरवलं. मुलगा तिचा तिनेच पसंत केलेला, आता आईवडिलांनी एकमेकांची घरं पाहायची तेवढी बाकी होती.

"बाबा, त्यांचं घर फार सुसंस्कृत आहे म्हणे," लेक म्हणाली. "तुम्ही काय करता ते विचारलं त्यांनी. मी सांगितलं, सांस्कृतिक क्षेत्रात आहेत."

पोर म्हणजे मालकांचा जीव की प्राण. साऱ्या गावाला संस्कृती पुरवली आणि नेमके तिच्या वेळी आपण कमी पडलो तर, या धास्तीने त्यांचं जेवणावरून मन उडालं.

ठरलेल्या रविवारी नवरा-बायको लेकीला घेऊन मुलाकडे गेले. (त्या दिवशी संपूर्ण संच बाहेर गेला होता, आजोबांसह. तेवढंच मालकांना समाधान होतं.) मुलाचे वडील बसच्या आगारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी हसून दार उघडलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मालकांना भिंतीवरचं निळं चित्र दिसलं.

उजव्या कोपऱ्यातला ओरखडासुद्धा दिसला. तो मेहुण्याने जिना उतरताना पाडलेला होता.

"हे कळायचं नसतं हं," मुलाचे वडील म्हणाले. "हळूहळू भिनतं."

"खरंय," मालक म्हणाले. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांना आधी भरून आलं आणि मग दरदरून घाम फुटला. कपाट तेच, व्हायोलिन तेच. खिडकीजवळच्या खुर्चीत आजोबा होते. त्यांनी एक डोळा उघडला, मालकांना पाहिलं, डोळा मिटला आणि पुन्हा चिंतन सुरू केलं. धंद्यात इमान असावं तर असं.

"आमचे मोठे काका," मुलाची आई आवाज खाली आणून म्हणाली. "त्यांना गारठा सोसत नाही हो." असं म्हणून तिने आतून एक तपकिरी शाल आणली आणि आजोबांच्या गुडघ्यांवर पांघरली. शाल संचातली नव्हती, एवढं मालकांनी ओळखलं.

लेक तर खाली मान घालून बसली होती. दुकानातल्या त्याच कपाटाला धरून ती पहिलं पाऊल टाकायला शिकली होती. तिने एकदाच मान वर केली आणि बापाकडे पाहिलं. ‘बाबा, काही बोलू नका,’ एवढंच त्या नजरेत होतं, आणि डोळे भरलेले होते. मालकांनी सगळ्या वस्तूंची तोंड भरून स्तुती केली. आपल्या मालाची इतकी स्तुती त्यांनी दुकानातही कधी केली नव्हती.

"आता पुढच्या रविवारी आम्ही तुमच्याकडे," निरोप देताना मुलाची आई म्हणाली. "तुमचं घर तर काय, बघायलाच नको!"

घरी आल्यावर मालकांनी डोक्याला हात लावला. "संच एकच आहे गं."

"मग तोच आणा," बायको म्हणाली.

"अगं, ओळखतील ना ते!"

"ओळखू देत की. पण ओळखलं असं म्हणायला, हे आधी आमच्याकडे होतं असं म्हणावं लागेल. म्हणतील?"

मालकांनी लगेच मेहुण्याला हाक मारली. एवढी वर्षं धंद्यात काढून संस्कृतीचा हा बत्तिसावा अर्थ त्यांना सुचला नव्हता. फक्त आजोबांना आणायचं नाही, एवढं त्यांनी मेहुण्याला निक्षून सांगितलं. दाढी ओळखू आली असती.

मेहुण्याने अर्थातच ते विसरून दाखवलं. रविवारी टेम्पोतून आजोबा उतरले, सवयीने खुर्चीत जाऊन बसले, आणि त्यांना उठवणार तोच दाराची घंटा वाजली.

पाहुणे आत आले. मुलाच्या आईने चित्राकडे पाहिलं. मुलाच्या वडिलांनी कपाटाकडे पाहिलं, मग व्हायोलिनकडे. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मालकांना ऐन वेळी स्वतःचंच वाक्य तेवढं आठवलं.

"परवाच वाजवता वाजवता..."

"तार तुटली," मुलाच्या वडिलांनी वाक्य पुरं केलं. थोडं थांबून म्हणाले, "तुटतात. आमच्याकडेही तुटतात."

चहा घेता घेता मुलाच्या आईची नजर खुर्चीकडे गेली. तिच्या हातातला कप तिथल्या तिथे थांबला.

"आजोबांना कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

मेहुणा स्वयंपाकघरात सटकला. लेकीने आईचा हात घट्ट धरला. आता संपलं सगळं, असं मालकांना वाटलं. आजोबांनी सावकाश डोळे उघडले आणि खर्जात म्हणाले, "सुसंस्कृत घरातली म्हातारी माणसं सगळी सारखीच दिसतात, बाई."

"खरंच," ती म्हणाली. "आवाजसुद्धा सारखाच."

मग ती उठून त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या गुडघ्यांवर तपकिरी शाल होती. तिचीच होती, मागच्या रविवारी परत करायची राहून गेलेली. तिने शाल दोन्ही हातांनी नीट केली, टोकं पायांखाली खोचली आणि जागेवर येऊन बसली. "मग तारीख कधीची धरायची?" तिने विचारलं. मालकांना भडभडून आलं, पण आजोबांच्या उपस्थितीत त्यांनी आवाज खालीच ठेवला.

लग्न थाटात झालं. दोन्ही घरांत आजवर एका शब्दाने वाकडं आलेलं नाही. एकाकडे पाहुणे यायचे असले की दुसरं घर आपण होऊन त्या दिवशी कुणाला बोलवत नाही. आजोबांना दोन्हीकडे जेवण असतं. शाल कुणी मागितलेली नाही.

संचाला हल्ली मागणी फार वाढल्यामुळे कपाटात काही नव्या पुस्तकांची भर घालण्यात आली आहे. तुमच्या हातातलं हे त्यांपैकीच एक. पेन्सिलीच्या खुणा पहिल्या दहा पानांवर आहेत, आणि मालकांचा अनुभव असा, की त्यापुढे कुणी जात नाही. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे पाहुण्यांना उशीर झालेला दिसतोय.