काळपुळीचा भाव

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मधुसूदनरावांनी जन्मात एकदाच शेअर घेतले, आणि घेतले ते असले. शत्रूनं जंतूंचा बॉम्ब टाकलाच, तर काळपुळीवर, म्हणजे अँथ्रॅक्सवर, चालेल असं औषध बनवणारी एक चिमुकली कंपनी.

"हिचं गिऱ्हाईक कोण?" त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी विचारलं.

"सरकार. औषध घ्याचं, गोदामात ठेवाचं, मुदत संपली की फेकाचं अन् पुन्हा घ्याचं. दवाखान्यात तीस वर्षं मी हेच तं केलं. असा धंदा बुडत नसते."

"अन् बॉम्ब पडलाच नाही त?"

"नुसती भीती पुरते."

पण भीती तरी कुठून आणायची? हौसेला मोल नसतं म्हणतात. मधुसूदनरावांच्या हौसेला होतं, आणि ते रोज मोबाईलवर थोडं थोडं घसरत होतं. मग ते पेपरात रोगराई शोधू लागले. कुठं साथ आली की त्यांना चहा गोड लागे. हजारो गुरांना काळपुळीची लस टोचलेला हा माणूस, पण आपलं काय चाललंय हे त्याला कळेना.

एका सकाळी वीस वर्षांपासून दूध घालणारा देवसिंग दारात उभा. "साहेब, माही मोठी म्हैस गेली. काल चांगली होती."

मधुसूदनराव खुर्चीतून उठलेच. "काळपुळी तं नाही?" म्हणाले, आणि हसले. अगदी एवढंसं.

लगेच त्यांनी जुन्या दवाखान्यात फोन लावला. देवसिंगच्या तांड्यावर सरकारी गाडी गेली, आणि दुपारपर्यंत घरोघरी देवसिंगचं दूध मोरीत ओतलं गेलं. पाच दिवसांनी अहवाल आला. ओलं सोयाबीन खाऊन म्हशीचं पोट फुगलं होतं. तोवर देवसिंगची रतिबाची घरं दुसऱ्या दूधवाल्यानं धरली होती.

"चुकलं माहं, देवसिंग. पण फोन करणं भागच होतं."

"फोनचं काही नाही, साहेब. तुम्ही हासले, ते मी पाह्यलं."

दुसऱ्याच दिवशी मधुसूदनरावांनी तोट्यात शेअर विकले आणि आलेले पैसे घेऊन बाजाराच्या दिवशी देवसिंगबरोबर दिग्रसला म्हैस पाहायला गेले. इथं मात्र त्यांना कोणाला विचारावं लागत नव्हतं. दात पाहिले, कास चाचपली, चालवून बघितलं.

"घे ही. लय वर्षं दूध देईन."

देवसिंगनं दोर हातात घेतला आणि थोडा घुटमळला. शेअरचं त्याच्या कानावर कुंदाताईंकडून आलं होतं. "साहेब, खरं सांगजा. ही मेली त तुमचा भाव तं नाही ना वाढनार?"

शेअर विकले, हे सांगायला मधुसूदनरावांनी तोंड उघडलं. पण नुसतेच म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.