चहाची चटक लावणारे एकनाथभावजी

एकनाथभावजी कुणाच्याही घरात शिरले की आधी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून बघत. आमटी असली तर झाकण ठेवून बसत. चहा असला तर बसतच नसत. "वहिनी, तुमच्यात बी?" एवढंच म्हणून चालू लागत. मला राग यायचा. परक्या बाईच्या चुलीपर्यंत येणारा दुसरा पुरुष अख्ख्या कोल्हारात नव्हता.

आणि आम्हाला चहाची सवय लावली कुणी? त्यांनीच. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास ते एका चहा कंपनीत नोकरीला होते. बाजाराच्या दिवशी बैलगाडीवर फोनोवर गाण्याच्या तबकड्या वाजवायच्या, मोठ्या पातेल्यात चहा उकळायचा आणि येईल त्याला फुकट पाजायचा, हे त्यांचं काम. फुकट म्हटल्यावर गर्दी व्हायचीच, पण पहिला कप ते पाटलांनाच देत. "मानूस जिभेनं पीत न्हाई, वहिनी. दुसरा पितो ते बघून पितो," असं मला सांगत. पाटील प्याले की गाव प्यायलाच. सासवांना ते सांगत, चहा प्याली की सून जात्यावर पेंगत नाही. सुनांना सांगत, शहरात सासूच सुनेला करून देते. दोन्ही खोटं. मी आधी सून होते, मग सासू झाले, म्हणून सांगते.

थोडे बाजार झाले आणि फुकटचं पातेलं बंद झालं. पुड्या विकायला आल्या. तोवर चहा मिळाला नाही की आमची डोकी दुखायला लागली होती. साखर रेशनवर गेली तेव्हा लोक गुळाचा पिऊ लागले, पण सोडला कुणी नाही. कंपनीनं भावजींना शाबासकी दिली.

त्यांच्या शेजारी पारू राहायची. नवरा गेलेला, पदरात सगुणा नावाची लहान पोर, दारात एक शेळी. एके दिवशी भावजींनी पाहिलं, काडीसारख्या पायांची सगुणा कोऱ्या चहात भाकरी बुडवून खात होती. शेळीचं दूध सडकेवरच्या हॉटेलात जात होतं.

"पोरीचं दूध इकती व्हय गं?" भावजींनी विचारलं.

"तुमीच म्हन्ला हुता, पोरास्नी बी द्या, अंगात ऊब राहती," पारू म्हणाली. "दुधावर माजं मीठ-मिरची येतंय. पोरगी चहावर गप बसती. आता काय झालं तुमाला?"

भावजींनी नोकरी सोडली. ज्या बाजारात पाजला त्याच बाजारात उभं राहून ओरडू लागले, "चहा पिऊ नका. पोरांचं दूध जातंय." गळा कंपनीत तयार झालेला, आवाज नदीपर्यंत जाई. लोकांना वाटलं, याला आतली खबर असणार, चहा महागणार. त्या दिवशी सगळ्या पुड्या संपल्या. हॉटेलवाल्यानं तर त्यांना बाकडं काढून दिलं. "बसून वरडा, एकनाथराव. तुमी आल्यापासनं गिऱ्हाईक लई थांबतंय."

संध्याकाळी भावजी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "खोटं बोल्लो तवा गावानं ऐकलं," म्हणाले.

"मग आता कोण ऐकणार? गप बसा," मी म्हटलं.

ते गप बसले नाहीत, पण गावाचा नाद सोडला आणि एक पोरगी धरली. घोडेगावच्या बाजारातून त्यांनी एक शेळी आणली. म्हातारी होती, पण तेवढीच परवडली. रोज सकाळी तिचं दूध लोट्यातून पारूच्या दारात न्यायचे. सगुणानं पहिलाच घोट थुंकून टाकला. तिला काळं, गोड, कढत पाहिजे होतं.

मग भावजींनी जुना धंदा बाहेर काढला. वाटीभर चहात चमचाभर दूध घालायचं. आधी स्वतः तिच्यासमोर बसून मिटक्या मारत प्यायचं. तिनं हात पुढं केला तरी द्यायचं नाही. "हे मोठ्या मानसांचं हाय," म्हणायचं. ती रडायला लागली की मग उपकार केल्यासारखं द्यायचं. मधून मधून दूध जरा वाढवायचं, चहा जरा कमी करायचा. पोरीला पत्ता लागू द्यायचा नाही.

"फसवताय तुम्ही तिला," मी म्हटलं.

"फसवतोयच. दुसरं येतंय काय मला?"

उन्हाळा सरता सरता वाटीत नुसतं दूध राहिलं. मी मुद्दाम पाहायला गेले. वाटलं, आज तरी हा माणूस हसेल.

"गावाला चटक लावायला मला थोडे बाजार पुरले," ते म्हणाले. "हिची एकटीची सोडवायला उन्हाळा गेला. घरं किती राहिली, वहिनी?"

राहात्याच्या बाजारात कंपनीचा नवा माणूस नवा फोनो घेऊन आल्याचं मला कळलं होतं. त्यांनाही कळलं असणारच.

सगुणानं वाटी रिकामी करून पुढं धरली. "आनखी."

भावजींची म्हातारी शेळी आटत चालली होती. लोट्यात काही उरलं नव्हतं. भावजींनी तो उलटा करून पाहिला, आतून बोट फिरवलं आणि कडेला लागलेला फेस तिच्या तोंडात घातला. ती बोट चोखत राहिली. त्यांनी ते काढून घेतलं नाही.