कमालभाईंच्या गळ्यातला साप

१९६३ सालची गोष्ट. आखातात, दोह्यातल्या एका लाकडाच्या वखारीत मोंबासाहून आलेल्या फळ्यांच्या दोऱ्या सोडल्या, तसा आतून दोन हात लांब, पोपटी हिरवा साप सळसळत बाहेर आला. वीसच्या वीस मजूर फाटकाबाहेर पळाले आणि इंग्रज मॅनेजर टेबलावर चढला.

"रॉकेल आणा! सगळा ढीग पेटवा!" तो मोडक्या हिंदीत ओरडला.

स्टोअरकीपर कमाल परकार फाटकातूनच मागे फिरले. नव्या इस्पितळाच्या दारं-खिडक्यांसाठी तीन महिने पत्रं लिहून त्यांनी ते लाकूड मागवलं होतं.

"साहेब, लाकूड जाळू देणार नाही," ते बोलून गेले.

"मग साप कोण धरणार?"

फाटकाआडून कारकून फजल म्हणाला, "कमालभाई हायत ना! दापोलीस त्यांनी नाग धरलेत, साहेब. रोज सांगतात."

रोज सांगत होते, हे खरं. पण नाग धरायचे ते त्यांचे चुलते. कमालभाई तेव्हा माडावर चढून बसायचे.

"काठी हवी, टोकाला आकडा असलेली," कमालभाईंनी वेळ काढला. फजलने तार वाकवून आकडा करून दिला. "हातमोजे?" वेल्डरने काढून दिले. "थोडं दूध..." साहेबांनी टेबलावरूनच आपल्या चहाचं दूध पुढे केलं. आणखी काय मागावं ते सुचेना.

कलमा पुटपुटत कमालभाई पुढे झाले. आकडा टेकवताच साप काठीवरून दंडावर, दंडावरून खांद्यावर आला आणि गळ्याभोवती सैल विळखा घालून विसावला. कमालभाईंचं अंग जागच्या जागी गोठलं. बाहेरच्यांना वाटलं, काय हा धीर!

"माशाल्ला!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात लाकूड आणलेल्या बोटीवरचा मोंबासाचा एक खलाशी आला आणि त्याने साप अलगद उतरवून पिशवीत घातला. "हमारे जंगल का है. जहर नहीं. बच्चा लोग खेलता है," तो हसून म्हणाला.

टाळ्या थांबल्या. फजल तर पोट धरून हसला. "यल्ला, कामाला लागा," म्हणत मजूर आत आले. लाकूड मात्र वाचलं.

दुपारी कमालभाई घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. ताट वाढताना त्यांच्या बायकोला, बिलकिसला, हसू आवरत नव्हतं. "बिनविषारी होता म्हणतात!"

कमालभाईंनी हातातला घास खाली ठेवला. "होय. पण गळ्यात होता तेव्हा मला कुठं ठाऊक होतं?"

बिलकिसचा हात थांबला. "म्हंजे तुमी विषारी समजून पुढं गेलात? त्या फळ्यांसाठी?"

"इस्पितळाच्या होत्या त्या."

सुरमईचा मोठा तुकडा तिने त्यांच्या ताटात ठेवला आणि ती तडक शेजारच्या सायराकडे गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "अगो, ह्यांनी आधी त्याला सलाम केला, मग हात पुढं करून गळ्यात घेतला!"

उठून खरं काय ते सांगावं, असं कमालभाईंना एकदा वाटलं. मग त्यांनी पाठ ताठ केली आणि आवाज न करता सुरमई खायला घेतली, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.