भिकोबांचा गाल आणि पोचल्याचं कार्ड

भिकोबा मिस्त्री गाडीचा ताप गालानं बघत. तीस वर्षं तापलेल्या लोखंडाला लागून त्यांचे तळहात बधिर झाले होते. म्हणून डोळे मिटायचे आणि तान्ह्या बाळाला बिलगावं तसा गाल पाइपाला टेकवायचा. चटका बसला की समाधानानं म्हणायचे, "व्हय, हितं हाय." त्यांचा डावा गाल उजव्यापेक्षा काळा का, हे लोणावळ्यात कुणी विचारत नसे.

गॅरेजला लागून माझं वह्या-पेनांचं दुकान. गिऱ्हाईक कमी, करमणूक फार.

सत्तरनंतरच्या एका दसऱ्याची गोष्ट. दुसऱ्या दिवशी भर दुपारी थंड पेटीचा एक ट्रक दारात थांबला. आत लहान मुलांची लस, मुंबईहून पुण्याच्या दवाखान्याला निघालेली. आणि पेटीत गार वाऱ्याऐवजी कोमट झुळूक. ड्रायव्हर जवळच्याच कान्हे गावचा ज्ञानू. नोकरीला महिनाही झाला नव्हता. लस तापली की वाया, आणि मागोमाग नोकरीही.

"आबा, लस अजून तासभर निभंल," एवढंच तो बोलला.

भिकोबांनी पूर्वी खंडाळ्याच्या एका हॉटेलात बर्फाचं यंत्र सांभाळलेलं, त्यामुळे या विद्येची तोंडओळख होती. त्यांनी एका पाइपाला गाल लावला, मग दुसऱ्याला, आणि काळजीनं विचारलं, हिला घाम का येत न्हाई? गार पाइपाला घाम फुटलाच पाहिजे, हे त्यांचं शास्त्र. फुटला होता फक्त ज्ञानूला. त्याच्या मते गॅस उडाला होता.

"थंडी कुटं गेली ते हुडकू नगं," भिकोबा म्हणाले. "ऊन कुटं अडलंय ते बघ."

आणि ते केबिनवर चढले. पेटीतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी तिथं होती. दसऱ्याला ज्ञानूच्या आईनं तिच्यावर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार घातलेला. घाटात पेटी तापू लागली, तसा ज्ञानूनं देवाचं नाव घेऊन दुसरा चढवला. तरी तापली, म्हणून खंडाळ्यात तिसरा. पंख्यानं पाकळ्या ओढून जाळी गच्च झाली होती. देवाचाही नाइलाज होता.

आईचा हार काढायला ज्ञानू तयार होईना. भिकोबांनी टोपी काढली, हाराला हात जोडले, तो अलगद उतरवून स्टिअरिंगपुढे ठेवला. मग खराट्याच्या काड्या आणि सायकलचा पंप घेऊन जाळीला भिडले. माझ्या पायरीवर झेंडूचा सडा पडला.

बऱ्याच वेळानं पाइपाला घाम आला. भिकोबा गाल टेकवून इतका वेळ उभे राहिले की ज्ञानू घाबरला.

"आबा?"

"गप. गार हाय. जरा घिऊ दे की."

निघताना ज्ञानूच्या हाती नेहमीचं पोस्टकार्ड पडलं. प्रत्येक ड्रायव्हरला भिकोबा एक कोरं कार्ड देत, पोचल्यावर धाडायला. वरचा त्यांचा पत्ता मी आधीच लिहून ठेवायचो. कशाला हा उद्योग, गाडी बरी झाली ते इथंच दिसतं, असं मी एकदा म्हणालो होतो.

"गाडीचं दिसतं, शेट. मानूस पोचला का न्हाई, ते कुटं दिसतं?"

चार दिवसांनी कार्ड आलं. भिकोबांना वाचता येत नसे; एरवी कार्डं मी गॅरेजातच वाचून दाखवायचो, त्या दिवशी ते तिथं नव्हते, म्हणून कार्ड घेऊन गॅरेजमागच्या त्यांच्या खोलीत प्रथमच गेलो. एक खाट, एक ताट, एक पेला. आणि भिंतभर तारेत ओवलेली कार्डं, सगळ्यांवर माझं अक्षर.

मी वाचलं, "गार पोचलो. लस चांगली हाय. आईनं तुमाला जेवाया बोलावलंय."

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग कार्ड हातात घेतलं, डोळे मिटले आणि गालाला लावलं.

"व्हय," म्हणाले, "पोचला."